शब्दचर्चा: हवा पातळ की विरळ? आणि डेन्सिटी अल्टिट्यूडला काय म्हणायचं?

गाडीवेडा: ड्रॅग रेसिंगवर, म्हणजे सरळ ट्रॅकवर पाव मैल कोण आधी मारतो त्या शर्यतीवर, मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ मॉरिसनला बॅंडिमेअर नावाचा ट्रॅक होता, २०२३ ला बंद झाला, समुद्रसपाटीपासून साधारण ५८०० फुटांवर. तिथे त्याच गाडीला पाव मैल मारायला खालच्या ट्रॅकपेक्षा जास्त वेळ लागायचा कारण तिथली हवा... काय लिहू? पातळ लिहिलं तर बायको म्हणाली ताक आहे का. आणि डेन्सिटी अल्टिट्यूडला, म्हणजे हवा किती विरळ त्यावरून इंजिनला जाणवणाऱ्या उंचीला, घनतोन्नती वगैरे नको प्लीज.

कोशवाली: विरळच. केस विरळ, वस्ती विरळ, तशी हवा विरळ, म्हणजे मधेमधे जागा सुटलेली. पातळ म्हणजे वरण नाहीतर साडी. उलट अर्थाला दाट.

गॅरेजवाला: ताई बरोबर आहे पण गॅरेजात कोणी विरळ म्हणत नाही, आम्ही म्हणतो गाडीला दम नाही. लेहला गेलो होतो मागे, मित्राची जुनी कार्ब्युरेटरवाली बाइक वर चढता चढता काळा धूर सोडायला लागली, प्लग काढला तर नुसती काजळी. पेट्रोल तेवढंच जातंय आणि हवा कमी, मग मिक्स्चर रिच होणारच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तिथे कार्ब्युरेटरमध्ये बारीक जेट, म्हणजे पेट्रोल कमी सोडणारं छोटं भोक, टाकावा लागतो. इंजेक्शनवाली पेट्रोल आपोआप कमी करते पण हवा कुठून आणणार, पॉवर जातेच. टर्बोवाल्याला त्रास कमी, टर्बो हवा दाबून आत भरतो ना.

डेन्व्हरकर: इथे राहतो म्हणून बोलतो. ५८०० फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १९ टक्के कमी. पण मजा उन्हाळ्यात आहे, पारा ३५ डिग्रीला गेला की हवा अजून फुगते आणि इंजिनला वाटतं आपण ९ हजार फुटांच्याही वर आलोय. ट्रॅक जागेवरच हां! तीच डेन्सिटी अल्टिट्यूड. साध्या, बिनटर्बो इंजिनची पाव पॉवर गेली असं धरा, पण टाइम पाव वाढत नाही कारण टाइमचा हिशोब पॉवरच्या घनमुळाने चालतो, १२ सेकंदांची गाडी १३ च्या आसपास जाते.

गाडीवेडा: आणि दमट हवा? आपण तर म्हणतो आज हवा जड आहे.

डेन्व्हरकर: तिथेच भाषा फसवते. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा खरं तर कोरड्या हवेपेक्षा हलकी, इंजिनच्या दृष्टीने वाईटच. जड वाटते ती आपल्याला, घाम वाळत नाही म्हणून.

कोशवाली: म्हणजे महाबळेश्वरची हवा चांगली हे फक्त माणसांपुरतं 😄 गाडीला मुंबईतली थंड कोरडी पहाट बरी. बाकी ड्रॅग शब्दाचाही घोळ आहे ना, शर्यतीतला ड्रॅग वेगळा आणि हवा गाडीला मागे ओढते तो वेगळा. दुसऱ्याला हवेचा अवरोध लिहा नाहीतर वाचणारा गोंधळेल, कारण विरळ हवेत तो अवरोध कमी होतो, म्हणजे शेवटच्या टप्प्यात गाडीला तेवढाच फायदा.

गाडीवेडा: हो तो मुद्दा घेतो. मग डेन्सिटी अल्टिट्यूडला "हवेची उंची" लिहू?

कोशवाली: नको, मला वाटेल वातावरण किती वरपर्यंत आहे ते. आपण वयाच्या मानाने उंच म्हणतो ना, तसं "हवेच्या मानाने उंची" करा. एकदा कंसाशिवाय समजावून सांगा, पुढे बिनधास्त वापरा.

गाडीवेडा: बघतो लिहून. "त्या दुपारी ट्रॅक ५८०० फुटांवर, पण हवेच्या मानाने ९ हजारांच्या वर." चालतंय की!

गॅरेजवाला: हे मलाही कळलं. फक्त "हवा कमी आहे" असं एकटं कुठे लिहू नका, आमचा पोरगा पंप घेऊन टायरकडे पळेल.