कॉलेजातली पहिली अक्का, पहिला अण्णा : सीमाभागातले अनुभव

जूनचा पाऊस लागला की बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे मुख्य बस स्टँडवर, नवीन दप्तरं दिसायला लागतात. खानापूर, निपाणी, पलीकडच्या चंदगडचीसुद्धा पोरं. काही कॉलेजांत वरच्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षाच्या पाच-सहा जणांना वाटून घेतात. कागदावर त्यांना मेंटॉर म्हणतात, आपण अक्का नाहीतर अण्णा म्हणतो. तुम्हाला कुणी सांभाळलं, तुम्ही कुणाला सांभाळलं, सगळं लिहा. मीच सुरू करते.

माझी शाळा खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. पहिल्या दिवशी कॉलेज सुटलं आणि स्टँडवर बसच्या पाट्या बघून पोटात गोळा आला. सगळं कन्नड, त्यात पाऊस, आणि बस लागली की पळापळ. सकाळी आमच्या गटाला भेटलेली बीए शेवटच्या वर्षाची अक्का तिथंच उभी होती. "काय शोधालीस गं? पाटी सगळी वाचत बसू नकोस, बस जाईल. पहिलं अक्षर बघ." तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर आमच्या वाटेवरच्या गावांची नावं कन्नडमधून लिहिली, खाली मराठीत. सहा आणि नऊ हे कन्नड आकडे मला सारखेच दिसायचे, ते तिनं तीन-तीनदा गिरवून घेतले. पान भिजून शाई पसरली, तरी ती वही मी अजून टाकलेली नाही.

निपाणी, सायन्स

दहावीपर्यंत सगळं मराठीत, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी. फिजिक्सच्या पहिल्या तासाला सर बोलत होते आणि मला त्यातलं 'न्यूटन' तेवढं कळलं. सेकंड इयरच्या अण्णानं त्याची जुनी दोनशे पानी वही दिली. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी शब्दाचा उच्चार : त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. संवेग, मोमेंटम. घर्षण, फ्रिक्शन. त्यालाही ती आधीच्या कुणाकडून मिळालेली, तीन वेगवेगळी अक्षरं होती तिच्यात. चौथं माझं. विषय कच्चा नव्हता, शब्द परके होते, एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे असतं. नाहीतर हुशार पोरगं स्वतःला ढ समजून सायन्स सोडतं. आमच्यातल्या दोघांनी सोडलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हॉस्टेलवर राहिलेला एक

सगळ्यांना असे अण्णा भेटत नाहीत. कॉलेजचं नाव लिहीत नाही. 'ओळख करून घेऊया' म्हणून रात्री अकराला उठवायचे, मान खाली घालून उभं करायचे, आमच्या बोलीची नक्कल करायला लावायचे. पंधरा दिवस मी घरी फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणत होतो. शेवटी बाजूच्या खोलीतल्या कन्नड सीनियरनं बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याचं कन्नड निम्मं कळायचं. तो काही न बोलता माझी वळकटी उचलून स्वतःच्या खोलीत घेऊन गेला. पुढचं वर्ष मी तिथंच काढलं.

आता शिकवणारी

वरचं वाचून राहवलं नाही. रॅगिंगविरोधात यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९ चे नियम आहेत, त्यात नुसती शिक्षा नाही. दर सहा नवीन मुलांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक असावा, असंही लिहिलंय. वर्गात १२० मुलं असली तर २० मोठी मुलं लागतात. अवघड नाही हो, पण यादी नोटीस बोर्डावर लावली म्हणजे काम झालं, असं धरून चालतात. मी पहिल्या आठवड्यात सहाही जणांना ऑफिसच्या खिडकीपर्यंत न्यायला सांगते. स्कॉलरशिपचा अर्ज, बसचा पास, चलन, या तीन ठिकाणी पोरं अडतात आणि लाजून विचारत नाहीत.

खानापूर, बीकॉम दुसरं वर्ष

यंदा मला सहाजणी मिळाल्यात. एक जांबोटीकडची आहे, बोलतच नव्हती. काल चहा पिताना हळूच म्हणाली, "अक्का, ऑफिसात कन्नडमधनं काय म्हणून विचारायचं?" मी तिला वाक्य लिहून दिलं, दोनदा म्हणून घेतलं आणि खिडकीपासून चार पावलं मागं थांबले. तिचं तिनंच विचारलं. पासचा फॉर्म घेऊन आली तेव्हा हात थरथरत होता. उद्या बाकीच्या पाचजणींना ती घेऊन जाणार आहे.