परदेशी गेलेले घरातले डॉक्टर : आठवणी लिहा

गेल्या महिन्यात आमचे थोरले काका गेले. मुंबईत एमडी करून 1969 ला न्यूयॉर्कला गेलेले, भूलतज्ज्ञ. दिवसकार्य उरकल्यावर सगळे बोलत बसलो, तेव्हा कळलं की प्रत्येकाला आठवणारे काका निराळेच होते. अमेरिकेचं दार 1965 च्या कायद्याने उघडलं, इंग्लंडला त्याच्याही आधीपासून डॉक्टर हवेच होते. त्या लाटेत गेलेली पिढी आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल तर लिहा. खिशात फक्त 8 डॉलर घेऊन परदेशी उतरल्याची गोष्ट तेवढी वगळा, ती सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात मी करतो. इथे एमडी झालेला माणूस तिथे पुन्हा पहिल्या वर्षाचा इंटर्न झाला. एक रात्र आड ड्यूटी. देवघर म्हणजे कोटांच्या कपाटातला वरचा कप्पा. घरी आलं की आंघोळ, अथर्वशीर्ष, मग झोप. 4 जुलै 1977 ला न्यूयॉर्कमधल्याच फ्लशिंगच्या देवळात गणपतीची प्रतिष्ठापना झाली, तिला काका रजा काढून गेले होते. नऊ दिवसांनी अख्ख्या शहराची वीज गेली. त्या रात्री ते अंधारात एका पेशंटला हाताने पिशवी दाबून श्वास देत होते. ही गोष्ट सांगताना त्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नाही. बॅटरी धरून उभ्या राहिलेल्या नर्सचं घ्यायचे.

*

मी वेल्समध्ये वाढले, मराठी आईकडून आलेलं; चुका पोटात घाला. अब्बा रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यात एकट्याचा दवाखाना, खाली दवाखाना आणि वर आम्ही. पेशंट बहुतेक खाणकामगार, फुप्फुसात धूळ बसलेले. पायऱ्यांवर कोण खोकतंय हे अब्बा जेवता जेवता ओळखायचे.

1984 चा रमजान जूनमध्ये आला. तिथे उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही, म्हणजे रोजा अठरा तासांच्या वर. त्यात खाणकामगारांचा संप चालू, मार्चपासून घरांत पगार नाही. एक म्हातारी दरवेळी विचारायची, “डॉक्टर, पाणीसुद्धा नाही?” अब्बा हसून तिचं ब्लडप्रेशर बघायचे. ईदच्या आधीचा फित्रा, म्हणजे गरिबांना द्यायचं दान, ते दरवर्षी गावी पाठवायचे. त्या वर्षी तो संपवाल्यांच्या जेवणघराला दिला. अम्मी म्हणाली, गावात गरीब नाहीत का? अब्बा म्हणाले, यांचं घर मी रोज पाहतो. दोघं दोन दिवस बोलले नाहीत. गावी वेगळे पैसे गेले की नाही, मला माहीत नाही.

*

सगळं छान वाटतंय वाचायला. पण थोडं कडूही लिहू द्या. आमचे मामा “कुटुंबवत्सल” म्हणून प्रसिद्ध. बँकेचा ड्राफ्ट दर तीन महिन्यांनी न चुकता. त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं, मावशीचं लग्न झालं, हे मान्य. पण आजी आठ महिने अंथरुणाला होती, तेव्हा तिला उचलायला आई आणि मी. निळ्या एअरोग्रामवर औषधांच्या सूचना यायच्या, अक्षर वाचायला केमिस्टकडे जावं लागे. आजी गेल्याची तार पोचली तोवर इकडे सगळं आटोपलं होतं. मामांनी तिकडे एकट्याने सुतक पाळलं म्हणे. कामावर गेले, फक्त दाढी केली नाही, आणि वॉर्डात कोणी विचारलंही नाही. हे त्यांनी मला फार उशिरा, गाडी चालवता चालवता सांगितलं. तेव्हा माझा राग गेला असं म्हणणार नाही. कमी झाला.

*

डॉक्टरांबद्दल सगळे लिहिताहेत, मी डॉक्टरची बायको आहे. वय 79, मुलगा टाइप करून देतोय.

आमचे हे 1971 ला इंग्लंडला आले ते सर्जन व्हायला. सर्जरीच्या जागा गोऱ्या मुलांना मिळायच्या, आपल्याकडच्यांच्या वाट्याला म्हाताऱ्यांचे वॉर्ड किंवा मनोरुग्णांचे. हे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात गेले आणि तिथेच निवृत्त झाले. पहिली दोन वर्षं वाईट वाटलं, मग त्यांना ते म्हातारेच आवडायला लागले. धाकटे दीर 1976 ला आले. तोवर आपल्या पदव्यांची मान्यता काढून घेतलेली, त्यामुळे त्यांना परीक्षा द्यावी लागली, इंग्रजीचीसुद्धा! हे त्यांना चिडवायचे की मी बिनपरीक्षेचा डॉक्टर.

श्रद्धा यांची, हे खरं. रोज विष्णुसहस्रनाम, गाडीत, मोठ्याने, सिग्नलला थांबलं तरी चालू. शेजारच्या गाडीतले बघत. पण गणपती बसवायचा तो सवडीच्या शनिवारी, आणि सोमवारी यांची ड्यूटी असली की विसर्जन मी बादलीत करायची. नोकरी सहा-सहा महिन्यांची असे, त्यामुळे तीन वर्षांत सहा घरं. दरवेळी सामान बांधायचं मी. देव कशात ठेवायचे? चांदीचा बाळकृष्ण, पितळी अन्नपूर्णा, टाक. एकदा ट्रकमध्ये बाळकृष्णाचा हात वाकला, तेव्हापासून सगळे देव कुकरमध्ये, सुती साडीत गुंडाळून, झाकण लावून. नव्या घरी पोचलं की आधी देव बाहेर, लगेच त्याच कुकरमध्ये वरणभात. आमच्या सासूबाईंना हे कधी सांगितलं नाही.

कुकर अजून आहे. रबर सात-आठदा बदललं, शिट्टी दोनदा.