प्रति: खरा रायडर कोण?

वर कुणीतरी लिहिलंय की हार्लेवाले (म्हणजे महागड्या अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलवाले) नुसता पैशाचा माज दाखवतात, खरा रायडर म्हणजे बुलेटवाला. नाही पटलं. बुलेट साधेपणाची खूण कधी होती हो? लष्कर, पोलीस आणि गावातले बागायतदार यांची ती गाडी. दूधवाला बापडा कॅन लटकवून राजदूत मोटरसायकलवर फिरायचा. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक असलेली जुनी बुलेट चालवता येणं हाच तर रुबाब होता!

हार्लेचं म्हणाल तर २०२३ मध्ये हिरो कंपनीबरोबर काढलेली एक्स४४० ही गाडी सुरुवातीला २.२९ लाखांना आली (शोरूम किंमत). लगेच 'एवढी स्वस्त? ही काय खरी हार्ले नव्हे' सुरू.

लडाखला तर काहीजण गाडी ट्रकने पाठवतात, स्वतः विमानाने जातात आणि खारदुंगलाच्या पाटीखाली फोटो काढतात. गंमत म्हणजे १८,३८० फुटांची ती प्रसिद्ध पाटीही फुशारकीच; खिंड प्रत्यक्षात साधारण १७,६०० फुटांवर आहे. मला विचाराल तर यातली मोठी चैन गाडी नाहीच, पंधरा दिवसांची सलग रजा आहे. भर पावसात दिवसभर १०० सीसीवर जेवणाचे डबे पोचवणाऱ्याला तुमच्या रविवारच्या लोणावळा राइडला कुणी बोलावलंय का कधी?