शाळा टाळणाऱ्या मुलासाठी स्टेम सेल उपचार करावा का?

प्रश्न

माझा चौदा वर्षांचा मुलगा गेले चार महिने जवळजवळ शाळेत गेलेला नाही. रात्री तो स्वतः दप्तर भरून दाराशी ठेवतो आणि सकाळी एक मोजा पायात, दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला बसून राहतो. पोट दुखते, उठल्यावर चक्कर येते, असे सांगतो. रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नाही. आता एका खासगी केंद्राने स्टेम सेलपासून, म्हणजे इतर पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींपासून, मिळवलेले एक्सोझोम (पेशींनी बाहेर सोडलेले सूक्ष्म कण) शिरेतून देण्याचे सुचवले आहे; त्याने मेंदूतील सूज उतरून मूल पूर्ववत होते, असे त्यांचे म्हणणे आहे. पैसे आम्ही कसेही उभे करू, पण हे करावे का?

प्रतिसाद १

कृपया पैसे भरू नका. स्टेम सेल उपचार मुळात थोतांड नाही. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेचे, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचे, प्रत्यारोपण कित्येक दशके होत आले आहे आणि त्या कामासाठी अमेरिकी डॉक्टर ई. डोनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिथे नष्ट झालेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात आणि ते तपासून दाखवता येते. तुमच्या मुलाच्या मेंदूत सूज आहे, हे त्या केंद्राने कोणत्या तपासणीवरून ठरवले, एवढे विचारा. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक्सोझोमबाबत जाहीर इशारा दिला, कारण ते घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

चक्कर मात्र मनावर घ्या. किशोरवयात काही मुलांची नाडी उभे राहताच फार वाढते. स्वस्थ झोपवून नाडी मोजा, मग उभे करून दहा मिनिटे मोजत राहा, आणि त्याच्या जवळच थांबा. या वयात ठोके मिनिटाला ४० किंवा अधिक वाढून तसेच राहिले, तर बालरोगतज्ज्ञांना आकड्यांसह सांगा.

प्रतिसाद २

नाडी ठीक निघाली तरी मुलगा बहाणे करतो असे समजू नका, कारण भीतीनेही पोट खरोखर दुखते. माझ्या मुलीला वर्गात मोठ्याने वाचायची धास्ती होती, आणि हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले, तेही रात्री कपड्यांच्या घड्या घालताना. सकाळी विचारले की ती गप्प होई. समुपदेशकांच्या सल्ल्याने पहिला आठवडा ती फक्त फाटकापर्यंत गेली, मग ग्रंथालयात एक तास, मग आवडीचा एकच तास. मध्ये दोनदा सगळे मागे गेले. घरी जितके दिवस जातात तितके परतणे जड होते, म्हणून शाळेशी आजच बोला.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. केंद्रातील वेळ रद्द केली. आज नाडी मोजली: झोपून ७८, उभे राहून दहाव्या मिनिटाला १२४. बालरोगतज्ज्ञांची गुरुवारची वेळ मिळाली असून शाळेतही उद्या जाणार आहे. आकडा कागदावर लिहीत असताना मुलाने विचारले, “बाबा, म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?”