राज्यपालांनी विधेयक दाबून ठेवावं का?

सदरकर: नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवर मागण्या घेऊन थंडीत बसलेली माणसं दरवर्षी पाहतो. एका कायद्यासाठी गडचिरोलीहून येतात. तो विधानसभेत मंजूर होऊनही राज्यपालांच्या टेबलावर पडून राहिला तर त्यांनी कुणाकडे जायचं? राज्यघटनेचं कलम २०० राज्यपालांना सांगतं, विधेयक फेरविचाराला पाठवायचं तर शक्य तितक्या लवकर पाठवा. सभागृहानं पुन्हा मंजूर केलं की संमती अडवता येत नाही. तरी तमिळनाडूची १० विधेयकं राज्यपालांकडे रखडली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये ती संमत मानली, निर्णयाला एक ते तीन महिन्यांची मुदत घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं मत दिलं, की कोर्टाला अशी मुदतही घालता येत नाही आणि संमती गृहीतही धरता येत नाही. मला हे फार लागलं. नकार द्यायचा तर कारण लिहून द्या ना!

महालवाला: भाऊ, गोंधळात, चर्चेविना विधेयकं मंजूर होतात तेही आपण इथेच पाहतो. कुणाच्या तरी हातात ब्रेक हवा. १९८६ चं टपाल विधेयक आठवा. लोकांची पत्रं अडवायचा अधिकार सरकारला मिळणार होता आणि लोकसभेत सत्ताधाऱ्यांचे चारशेवर खासदार. तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही. तो कायदा कधी झालाच नाही. परत पाठवलं असतं तर त्याच बहुमतानं पुन्हा मंजूर करून सही घेतली असती.

धरमपेठची वकील: दाखला जोरदार आहे, पण राष्ट्रपतींचा. त्यांना खासदार-आमदार निवडून देतात. राज्यपाल केंद्राच्या सल्ल्यानं नेमले जातात. विरोधी पक्षाच्या राज्यात तोच ब्रेक केंद्राच्या पायाखाली येतो. राष्ट्रपती कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (सरकारी पद घेतलेल्या खासदारांची खासदारकी वाचवणारं) विधेयक उघडपणे परत पाठवलं. संसदेनं तसंच पुन्हा मंजूर केलं, त्यांनी सही केली. पण आक्षेप देशासमोर आला. आणि सदरकर, नोव्हेंबरच्या मतात एक दार उघडं आहे: विनाकारण लांबलेल्या विलंबात कोर्ट राज्यपालांना ‘निर्णय घ्या’ एवढं सांगू शकतं.

महालवाला: राज्यपाल-राष्ट्रपती फरक मान्य, ताई. पण मुदत घालायची तर संसदेनं घटनादुरुस्ती करून घालावी, कोर्टानं नाही. यावर मी ठाम आहे.

सदरकर: चालेल. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगानं २०१० मध्येच राज्यपालांच्या निर्णयाला सहा महिने सुचवले होते, तेवढे तरी घाला. आणि परत पाठवण्याचं कारण सभागृहात वाचून दाखवा, म्हणजे स्टेडियमवरच्या माणसालाही कळेल त्याचा कायदा कुणी अडवला.