मदत हवी आहे: चिकट, चुनखडीच्या मातीत भाज्यांसाठी नेमकं काय मिसळू?

नमस्कार मंडळी,

घरामागे भाज्यांसाठी दोन वाफे करायचे आहेत, प्रत्येकी एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. माती काळपट आणि भलतीच चिकट. ओली असताना कुदळीला गोळे चिकटतात, सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. गेल्या हंगामात टोमॅटो आणि मिरची लावली. रोपं जगली, पण अंग धरलं नाही. शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडायची, शिरा मात्र हिरव्यागार. खालची जुनी पानं ठीक होती.

पैसे घालण्याआधी माती कळावी म्हणून एका बरणीत माती आणि पाणी घालून खूप हलवलं आणि ठेवून दिलं. वाळूचा जेमतेम पातळ थर तळाशी बसला, वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. मग कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर चांगलंच फसफसलं.

सल्ले भरपूर मिळालेत. वाळू, राख, जिप्सम, गंधक, हाडांचा चुरा, निंबोळी पेंड, कोकोपीट. पण एकदा मातीत मिसळलेलं परत काढता येत नाही, म्हणून सगळंच थोडं थोडं टाकून बघायची माझी तयारी नाही. या मातीला आधी काय हवं आणि काय अजिबात नको, हे कुणी कारणासकट सांगाल का? घरात लाकडाचा भुसाही बराच पडून आहे, तो चालेल का?

प्रतिसाद १

माहिती नेमकी दिलीत, त्यामुळे उत्तर देता येतंय. फसफसलं म्हणजे मातीत मोकळी चुनखडी आहे. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा) सहसा ७.५ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो, आणि बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मानवतो. पिवळी नवी पानं आणि हिरव्या शिरा हे लोह न मिळाल्याचं लक्षण. लोह मातीत असतं, पण एवढ्या सामूला ते मुळांना उचलता येत नाही. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असतं तर आधी खालची पानं पिवळी झाली असती.

म्हणून राख आणि चुना पूर्ण बंद, दोन्हींनी सामू आणखी चढेल. हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद (फॉस्फरस) अशा मातीत जवळजवळ अडकूनच राहतं. गंधकाचं आम्ल तयार झालं तरी ते आधी चुनखडीच संपवते, त्यामुळे घरगुती प्रमाणात फरक दिसणं कठीण. जिप्सम हे सोडियम साठलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे. मातीपरीक्षणात सोडियम जास्त निघालं तरच त्याचा विचार करा. आणि थोडीशी वाळू तर नकोच, चिकणमातीत ती मिसळली की वाफा विटेसारखा आवळतो.

तुमच्या मातीला हवंय ते पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत. ५ सेंटिमीटरचा थर पसरा आणि वरच्या १५-२० सेंटिमीटर मातीत मिसळा. चौरस मीटरला ५० लिटर लागतं, म्हणजे दोन्ही वाफ्यांना मिळून ३०० लिटर. खणायचं ते वाफसा, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी अशी माती, आल्यावरच. मूठभर माती दाबून सोडा, बोटाने टोचल्यावर गोळा फुटला तरच कुदळ लावा. ओल्यात खणलं तर खताचा फायदा ढेकळांतच जाईल. पुढच्या हंगामापासून वरून पातळ थर पुरतो. तरीही पानं पिवळी राहिली तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं लोह) घ्या, ईडीटीए प्रकारचं जास्त सामूत टिकत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! राख पोत्यात भरून ठेवली होती, ती आता वाफ्यांपासून लांबच ठेवतो. भुशाचं तेवढं सांगा ना. आणि शेण ताजं मिळालं तर?

प्रतिसाद २

भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं उपाशी राहतात. वाफ्यांमधल्या वाटेवर पसरा, किंवा ओल्या हिरव्या कचऱ्याबरोबर कंपोस्टच्या ढिगात थोडा थोडा घाला. ताजं शेण मुळं जाळतं, तणाचं बी आणतं आणि त्यात रोगजंतूही असू शकतात. पालक, मुळा, गाजर अशा मातीला टेकणाऱ्या भाज्यांच्या काढणीआधी किमान चार महिने तरी ते मातीत गेलेलं असावं. त्यापेक्षा ते आधी ढिगात कुजवून घ्या, तुमचा भुसाही त्यातच खपेल.