खुर्ची गेली, तरी गुपितांवर हक्क राहतो का?

जर्सीकर
राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे सल्लागार यांच्यात काय बोलणं झालं, हे काँग्रेस (तिथली संसद) किंवा कोर्टापासून गुप्त ठेवण्याच्या हक्काला अमेरिकेत एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज म्हणतात. राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही. सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये तो मान्य केला आणि त्याच निकालात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या टेप द्यायला लावल्या.

माझं मत ठाम आहे. हा हक्क पदाचा, माणसाचा नव्हे. तहसीलदाराची बदली झाली की तो चार्ज देऊन जातो, कपाटाच्या किल्ल्या घरी नेत नाही.

६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीने व्हाइट हाउसची कागदपत्रं मागितली. बायडेन यांनी द्यायला हरकत घेतली नाही, ट्रम्प मात्र कोर्टात गेले. कशासाठी? फोनच्या नोंदी, भेटायला येणाऱ्यांच्या याद्या, भाषणांचे मसुदे, ट्रम्प यांचे चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांच्या फायलींतले हाताने लिहिलेले कागद. संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला, त्या दिवशीचे हे कागद! ते लोकांचे आहेत. न्यायाधीश तान्या चुटकन यांनी निकालात बजावलं की राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजा नव्हे, आणि अर्जदार तर आता राष्ट्राध्यक्षही नाहीत. मला यात काही वाढवायचं नाही.

कृष्णाकाठ
जर्सीकर, तुम्ही जिल्हा कोर्टावरच थांबलात. १९ जानेवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने ट्रम्प यांचा अर्ज फेटाळला हे खरं, पण ‘माजी राष्ट्राध्यक्षाला हक्कच नाही’ असं म्हटलेलं नाही. ट्रम्प पदावर असते तरी हा दावा टिकला नसता, असं अपील कोर्टाचं मत होतं. म्हणून माजी की आजी, या प्रश्नात शिरायची गरजच नाही, असं सांगून सुप्रीम कोर्टाने तो मोकळा ठेवला. त्याच कोर्टाचे न्या. कॅव्हनॉ यांनी तर वेगळं लिहून ठेवलं की पदावर असतानाच्या संभाषणासाठी माजी राष्ट्राध्यक्षाला हा हक्क मागता आलाच पाहिजे, विद्यमान राष्ट्राध्यक्षाचा पाठिंबा नसला तरी.

मी वकिली करते. अशील माझ्याशी मोकळेपणाने बोलतो, कारण ते बोलणं उद्या विरोधी पक्षाच्या हाती पडणार नाही याची त्याला खात्री असते. इथे सल्लागाराला बोलतानाच ठाऊक असतं की फार तर आठ वर्षांत २० जानेवारी उजाडेल आणि किल्ली कदाचित कट्टर वैऱ्याकडे जाईल. कोण कशाला ‘साहेब, तुमचं चुकतंय’ असं कागदावर लिहून देईल?

उत्तररात्र
ताई, हा प्रश्न १९७७ मध्येच बराचसा सुटलाय. राजीनाम्यानंतर महिन्याभरातच निक्सन यांनी सरकारी अधिकाऱ्याशी करार केला होता. त्यानुसार टेप १ सप्टेंबर १९८४ ला किंवा त्यांच्या मृत्यूनंतर, जे आधी घडेल तेव्हा, नष्ट करायच्या होत्या. काँग्रेसने कायदा करून ते थांबवलं. सुमारे ४ कोटी २० लाख पानं आणि ८८० टेप सरकारच्या ताब्यात राहिल्या. निक्सन कोर्टात गेले आणि ७-२ ने हरले.

पण कोर्टाने त्यांना दारातून परत पाठवलं नाही. माजी राष्ट्राध्यक्षाला दावा करता येतो, फक्त त्याला वजन कमी, असं म्हटलं. फोर्ड आणि कार्टर या दोन्ही उत्तराधिकाऱ्यांनी निक्सन यांची बाजू उचलली नव्हती, तेही हिशेबात धरलं. हा हक्क प्रजासत्ताकासाठी आहे, हे वाक्य त्याच निकालातलं. मला हा तोडगा न्याय्य वाटतो: बोलू द्या, पण नकाराधिकार देऊ नका.

शंकेखोर
त्याआधी ट्रुमनही होते ना? १९५३ मध्ये पद सोडल्यावर त्यांना प्रतिनिधीगृहाच्या समितीचं समन्स आलं आणि त्यांनी चक्क जायला नकार दिला. समितीने पुढे काही केलं नाही. म्हणजे प्रथा माजी राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने आहे.

जर्सीकर
समितीने माघार घेतली म्हणून हक्क सिद्ध होत नाही. कोर्टात तो कधी तपासलाच गेला नाही.

आणि कृष्णाकाठताई, सल्लागारांच्या मोकळेपणाची सोय कायद्यात आहे. १९७८ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष पद सोडताना सल्लागारांबरोबरचा गोपनीय पत्रव्यवहार १२ वर्षांपर्यंत लोकांसाठी बंद ठेवू शकतो. काँग्रेसला चौकशीसाठी लागला तर गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी असलीच पाहिजे.

कृष्णाकाठ
मग २०२५ बघा. बायडेन यांच्या प्रकृतीबद्दल रिपब्लिकन समितीने त्यांच्या जवळच्या माणसांना बोलावलं आणि ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसने डॉक्टर केव्हिन ओकॉनर यांच्यासाठी प्रिव्हिलेज सोडून दिलं. २०२१ मध्ये विद्यमानाचा शब्द अखेरचा असावा असं म्हणणाऱ्यांना आता हेही मान्य करावं लागेल. मला दोन्ही वेळा तेच वाटलं: राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या हाती हा निर्णय सोपवू नये, कोर्टाने कागद पाहून ठरवावं.

जर्सीकर
मला मान्यच आहे. बायडेन यांच्याबाबतीतही माझं उत्तर बदलत नाही. ओकॉनर यांना उत्तर द्यायचं नव्हतं, त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेतला. तो त्यांचा स्वतःचा हक्क, कुणा माजी राष्ट्राध्यक्षाने दिलेला नव्हे.

उत्तररात्र
कोर्टाने ठरवावं, पण किती दिवसांत? मला काळजी याचीच आहे. ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसचे माजी वकील डॉन मॅकगॅन यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स निघालं आणि जबाब झाला जून २०२१ मध्ये. ट्रम्प तोवर पायउतार झाले होते आणि निवडणूकही होऊन गेली होती. सहा जानेवारीचा खटला ऑक्टोबर ते जानेवारी असा तीन महिन्यांत मिटला, म्हणून समितीला ते कागद वापरता तरी आले. एवढ्याच दाव्याला दोन वर्षं लागली असती तर समितीच संपली असती, कारण तिची मुदत त्या काँग्रेसच्या कार्यकाळाबरोबर जानेवारी २०२३ ला संपणार होती. ताई, तुमचा हक्क मी द्यायला तयार आहे. त्याबरोबर मुदत घालून द्यायला तुम्ही तयार आहात का?

कृष्णाकाठ
जिल्हा कोर्टासाठी ६० दिवस, अपिलासाठी ६० दिवस. यापेक्षा कमी दिलेत तर कागद न वाचताच निकाल लागतील. आणि मुदतीत निकाल लागला नाही तर कागद सीलबंद राहतील, खुले होणार नाहीत.

जर्सीकर
इथेच आपलं फाटतं. मुदत संपली की कागद समितीकडे गेले पाहिजेत. नाहीतर पुढच्या प्रत्येक माजी राष्ट्राध्यक्षाचा वकील पहिल्या दिवशी एकच काम करेल: तारीख मागेल.